धुक्यातली वाट आणि देणगीदार

मी अक्षरं रंगवून पोट भरतो, त्यामुळे रिकामी जागा दिसली की माझा हात शिवशिवतो. परळला एका पेंटरकडे उमेदवारी करून गावी परतलो, तेव्हापासून दिवेआगर ते म्हसळा या पट्ट्यात होडीवर, दुकानाच्या फळीवर किंवा बैलगाडीच्या मागे जे नाव सुबक दिसेल ते माझं समजावं. जे वाकडंतिकडं दिसेल ते गिऱ्हाइकानं चार आणे वाचवायला घरी केलेलं. माझी बायको सत्यवती म्हणते, की तुम्हाला शिडी मिळाली तर तुम्ही आभाळावरसुद्धा दुकानाची पाटी लिहाल. तिचं म्हणणं अगदीच खोटं नाही.

सत्तावन्न साली आमच्या वाडीनं धम्म घेतला आणि दुसऱ्याच वर्षी विहार बांधायला काढला. विहार म्हणजे जांभ्या चिऱ्याची एक खोली, वर मंगलोरी कौलं आणि पुढं माणूसभर रुंदीची पडवी. पण हौस अशी, की जणू काही राजवाडाच उभा करतोय. चिरे पोरांनी डोक्यावरून वाहिले, जमीन बायांनी चोपून सारवली. कौलं आणली धर्माजीदादांनी. दादा मुंबईच्या गिरणीत जन्म घालवून नुकतेच गावी आले होते आणि तिथं युनियनच्या मीटिंगांची जी सवय लागली ती त्यांना सोडवत नव्हती. वाडीत मांजर व्यालं तरी ते मीटिंग बोलावत, त्यामुळे अध्यक्ष अर्थातच तेच झाले.

आणि जागा दिली ठमाकाकीनं. घरामागं तिचं एवढंसं परडं होतं, त्यात ती अळू आणि भेंडी लावायची. वाडीला दुसरी जागा कुणी देत नव्हतं. ही म्हातारी एके दिवशी उठली, अळू उपटलं, वाडीत सगळ्यांच्या घरी वाटलं आणि म्हणाली, आता बांधा.

त्या बदल्यात तिनं एकच मागितलं. मागितलं तेही माझ्याकडं. मी चुना कालवत होतो, तेव्हा ती येऊन शेजारी उकिडवी बसली.

"सदा, नावं तूच लिवनार ना? माजं नाव पयलं लिव. आनि मोठं लिव."

तिनं असं का म्हणावं हे मला सांगावं लागलं नाही. गावातल्या देवळाच्या पायरीपायरीवर देणगीदारांची नावं आहेत, आणि त्या पायऱ्यांच्या आसपासही आम्हाला कधी कुणी फिरकू दिलं नाही. ठमाकाकीचं नाव तर कशावरच लागलेलं नव्हतं. जिथं म्हणून लागायची वेळ आली तिथं 'भिवाची बायको', आणि भिवाकाका गेल्यावर 'भागोजीची आई'. सत्तरी गाठली तरी बाईनं आपलं नाव लिहिलेलं पाहिलं नव्हतं. मी तिला शब्द दिला. पेंटरचा शब्द रंग वाळेपर्यंत, असं सत्यवती म्हणते खरी, पण ठमाकाकीला दिलेला शब्द मोडायची छाती वाडीत कुणाची नव्हती.

आता विहारात बाबासाहेबांचा फोटो होता, पण बुद्धाची मूर्ती घेण्याची आमची ऐपत नव्हती. तेव्हा भागोजी पुढं आला. भागोजी हा ठमाकाकीचा एकुलता एक मुलगा. तो मोठ्या बोटीवर आगवाला होता, म्हणजे पार खाली इंजिनापाशी कोळसा लोटणारा. त्याची बोट हाँगकाँगला जायची होती. तिकडं घरोघर बुद्धाला मानतात, मी तिकडूनच भगवंताचं चित्र आणतो, असं त्यानं भर मीटिंगमध्ये सांगितलं आणि वाडीनं टाळ्या वाजवल्या.

वैशाखी पौर्णिमा जवळ आली तसा भागोजी श्रीवर्धनला उतरून, काखेत लांबलचक गुंडाळी घेऊन घरी आला. सगळी वाडी विहारात जमली. दादांनी दोन शब्द सांगितले, म्हणजे जवळजवळ दोनशे सांगितले, आणि मग भागोजीनं भिंतीच्या खुंटीला दोरी अडकवून गुंडाळी हळूहळू खाली सोडली.

वर निघाला एक डोंगर. मग दुसरा डोंगर, त्याच्यापुढं. मग बराच वेळ काहीच निघेना, नुसता कोरा कागद. मग दोन झाडं, एक ओढा, ओढ्यावर साकव आणि साकवावर तांदळाच्या दाण्याएवढा एक माणूस. खाली काठी आली आणि चित्र संपलं.

माना वाकड्या करकरून लोक वरखाली बघायला लागले. शेवटी ठमाकाकीनं विचारलं, "बुद्ध कुटं हाय?"

भागोजीनं पुढं होऊन वरच्या डोंगराच्या कुशीत बोट ठेवलं. तिथं झाडीतून एक चिमुकलं छप्पर डोकावत होतं. तो म्हणाला, "ह्यो त्यांचा विहार. आत हाईत."

आधी एक पोरगं फिसकन हसलं आणि मग हसू आवरेना कुणालाच. ठमाकाकी मात्र हसली नाही. मारुतीला मुळी आणायला धाडलं तर तो अख्खा डोंगर घेऊन आला तशातली गत केलीस, असं ती लेकाला म्हणाली. त्यावर दादांनी तिला टोकलं, की आपण बावीस प्रतिज्ञा घेतल्या आहेत, मारुतीचं नाव घेऊ नका.

"बरं, मारुती न्हाय," ठमाकाकी म्हणाली. "भागोजी डोंगर घिऊन आला."

बिचाऱ्या भागोजीचं तोंड एवढंसं झालं. मग त्यानं सगळी हकिगत सांगितली. दुकानदार म्हातारा होता आणि बोटीवरच्या लोकांची थोडी हिंदी त्याला येत होती. भागोजीनं हात जोडून 'बुद्ध' म्हटल्यावर त्यानं आधी एक पोट सुटलेली, खदाखदा हसणारी मूर्ती पुढं केली. ती भागोजीला हुबेहूब आपल्या सावकारासारखी वाटली म्हणून त्यानं नको म्हटलं. म्हाताऱ्यानं त्याच्याकडं, त्याच्या कोळशानं काळ्या झालेल्या हातांकडं बघितलं, आत गेला आणि ही गुंडाळी घेऊन आला. त्यानं छपरावर बोट ठेवलं, हात जोडले आणि डोळे मिटून घेतले. भागोजीलाही मग दुसरं काही बघावंसं वाटलं नाही.

मला विचाराल तर माझं मत वाईट होतं. सबंध चित्रात एकच रंग, काळा, आणि तोही पाणी घालून घालून वाढवलेला. अर्ध्याहून जास्त कागद तसाच सोडून दिलेला. असं काम मी कुणा गिऱ्हाइकाच्या हातात ठेवलं असतं तर त्यानं मला उरलेला रंग फेकून मारला असता. चिनी पेंटर एकतर कंजूष असावा, नाहीतर जेवायला उठला तो परत आलाच नसावा.

आता यातून पुढचं रामायण कसं झालं तेही सांगतो, आणि रामायण शब्दाबद्दल दादांनी माफ करावं. चित्राच्या कडेला लाल रंगाचे चौकोनी शिक्के होते. हे कसले, असं दादांनी विचारलं. भागोजी म्हणाला, की दुकानदारानं सांगितलं, चित्र ज्याच्या ज्याच्याकडं गेलं त्यानं आपल्या नावाचा शिक्का उमटवला.

दादांचा चेहरा एकदम उजळला. म्हणजे देणगीदारच की! चिनी लोकांतही चित्रावरच नावं घालायची पद्धत आहे, आणि एवढी कोरी जागा त्यांनी सोडली आहे ती दुसऱ्या कशासाठी? सगळ्यांना हे एका झटक्यात पटलं. चित्रात बुद्ध दिसत नाही तर निदान आपली नावं तरी दिसतील. माझी तर कळीच खुलली, कारण त्या कोऱ्या पट्ट्यावर माझी नजर पहिल्यापासून होती. नाही म्हणणारा एकटा भागोजी. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "बोटीत खाली भट्टी आसती रं नुसती. पाळी संपली की मी ह्ये चित्र उघडून बसायचा. त्या कोऱ्या जागंकडं बघितलं की अंगाला गार लागायचं. लिवलंच पायजे का?"

मला त्याच्याबद्दल वाईट वाटलं. पण त्याच्या आईलाच शब्द दिलाय, असं मी सांगितलं.

मग नावांचा क्रम लावायला मीटिंग बसली. अध्यक्ष हा पदानंच पहिला असतो, असं दादांचं म्हणणं पडलं. चिरे वाहणारी पोरं म्हणाली, आमच्या माना मोडल्या त्याचं काय. बायांनी विचारलं, सारवणाऱ्यांची नावं लिहिणार की 'महिला मंडळ' म्हणून एका ओळीत गुंडाळणार. सहा महिने एका जिवानं राबलेली वाडी एका संध्याकाळात तीन तट करून बसली. दादा कुणाचंच ऐकेनात, तेव्हा ठमाकाकी उठून उभी राहिली.

"तुजी कौलं माज्या जमिनीवर हाईत, धर्माजी. जमीन काडून घेते, मग बगू कौलं कुटं ऱ्हातात ती."

दादा खाली बसले. ठमाकाकी पहिली, असं ठरलं. पण तट काही मोडले नाहीत आणि लोक आपापल्या वाटेनं, एकमेकांशी न बोलता घरी गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी विहारात चित्र खुंटीवरून उतरवून फळीवर पसरलं. एकदम रंगाला हात घालणारा मी नव्हे. आधी पांढऱ्या कागदाची रुंद पट्टी कापली, तिच्यावर तांबड्या खडूनं सगळी नावं आखली आणि ती पट्टी चित्राच्या कोऱ्या भागावर नेमकी बसवून बघितली. सगळ्यात वर, बोटभर जाड अक्षरांत, 'ठमाबाई भिवा तांबे'. खरं सांगतो, झकास दिसत होतं. मी सत्यवतीला पाठवून ठमाकाकीला बोलावून घेतलं.

ती आली, हात पदराला पुसले आणि फळीशी बसली. तिचं नाव कुठलं ते मी दाखवलं. तिनं बोट ठेवलं आणि 'ठ'च्या गोलावरून सावकाश फिरवलं, मग पुढच्या अक्षरावर, मग पुढच्या. एवढं सगळं माझं का, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, व्हय काकी, सगळं तुमचंच. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. माझ्या हातच्या अक्षरांसाठी तोवर कुणी रडलं नव्हतं, हसले मात्र पुष्कळ होते.

डोळे पुसून झाल्यावर ती तशीच चित्राकडं बघत राहिली. भिंतीवर होतं तेव्हा तिला ते लांबूनच दिसलेलं, आता नाकाशी होतं. साकवावरच्या त्या दाण्याएवढ्या माणसाकडं तिनं वाकून बघितलं आणि हा कोण, असं विचारलं. कुणी वाटसरू असेल, मी म्हटलं.

"वाटसरू न्हाय, म्हातारी हाय ती. पाठीला वझं हाय, हातात काठी हाय. पाठ बग की तिची. माजीच हाय."

मी काही वाद घातला नाही. तिचं बोट साकव ओलांडून पलीकडं गेलं, झाडांच्या मधून वर सरकलं आणि माझ्या कागदाच्या पट्टीशी येऊन अडलं. ही वाट पुढं कुठं गेली, असं तिनं विचारलं. मी सांगितलं, की पुढं वाट नाहीच, पेंटरनं काढलीच नाही, तिथं नुसता कोरा कागद आहे.

"कोरं न्हाय, धुकं हाय त्ये," ती म्हणाली. थंडीच्या दिवसांत मोळी घेऊन डोंगरातून म्हसळ्याला जाताना असंच असायचं. हात पुढं केला तर दिसायचा नाही. पायाला कळायचं तेवढंच खरं, पण वाट मध्येच संपली असं कधी झालं नाही.

बोलता बोलता तिनं पट्टीचं टोक धरून ती उचलली आणि खालच्या कोऱ्या जागेवरून बोट वर नेलं. पार वरती, छपराच्या जरा खाली, केसाएवढ्या बारीक रेघा होत्या. त्या पायऱ्या होत्या. इतका वेळ मी कोरी जागाच मोजत होतो, माझ्या त्या ध्यानातच आल्या नव्हत्या.

"बग, हितं निगाली," ठमाकाकी म्हणाली. मग तिनं पट्टीकडं बघितलं, आपल्या नावाकडं, आणि तिचा आवाज एकदम बदलला.

"जन्मभर लोकांनी माजी वाट अडवली, सदा. त्यांच्यातला कुनी समोरनं आला की मी मोळीसकट काट्यात उतरायची. आता कुटं माजी म्हातारी सरळ वाटंनं विहारात निगालीय, आनि तू माजंच नाव तिच्या वाटंत आडवं घालतोस?"

मी खडू खाली ठेवला. मी चाचरत म्हटलं, की काकी, नाव तर तुम्हालाच हवं होतं.

"पायजेच हाय," ती म्हणाली. "सोडत न्हाय मी. पन वाटंत नको."

तेवढ्यात काम कुठवर आलं ते बघायला दादा आले, त्यांच्यामागून भागोजी. ठमाकाकीनं दोघांनाही फळीपाशी बसवलं आणि साकवापासून छपरापर्यंत बोटानं चालवत नेलं. दादा आधी हट्टाला पेटले होते, पण चष्मा लावून त्या माणसाकडं बघता बघता विरघळले. ही म्हातारी नव्हे, हा पुरुष आहे, असं ते म्हणाले. पाठीवर वळकटी आहे. गिरणी सोडून गावी निघालो तेव्हा मी अस्साच दिसत असणार. भागोजीनं हळूच सांगितलं, की त्याला तर पहिल्यापासून तो आगवाला वाटत होता, बोटीवरून रजेवर निघालेला. ठमाकाकीनं दोघांनाही झापलं, की ती मीच आहे. आता यावरून चौथा तट पडतो की काय अशी मला धास्ती वाटली.

"समदीच जावा की," सत्यवती दारातून म्हणाली. "साकवावरच्या मानसाचं नाव कुटं लिवलंय? लिवलं आस्तं तर येकालाच जाता आलं आस्तं."

दादांनी फार मोठा सुस्कारा सोडला आणि माझ्या पट्टीवरच्या स्वतःच्या नावाकडं, दुसऱ्या ओळीतल्या, एकदा डोळे भरून पाहिलं. मग ही नावं घालायची कुठं, असं ते अगदी लहान पोरासारखं म्हणाले. लोकांना सांगून ठेवलंय. नावं तर लागलीच पाहिजेत.

त्यावरही सत्यवतीच बोलली. तिला पाटीवरची अक्षरं वाचायचा कंटाळा, पण जागा कुठली घ्यावी हे तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

"पडवीत लिवा, भाईरच्या भिंतीला. चपला काडतो तिथंच. चपला ठेवायच्या, नाव ठेवायचं, मग आत जायाचं."

माझी बायको आहे म्हणून सांगत नाही, पण यावर मीटिंग घ्यावी असं दादांनासुद्धा वाटलं नाही. भागोजीनं ती गुंडाळी दोन्ही हातांनी उचलून परत खुंटीला लावली, आणि त्याचा चेहरा असा झाला होता, की मला मी रंगाला हात न लावल्याचा आनंद झाला. हा आनंद पेंटरला एकदाच परवडतो.

पडवीची भिंत मात्र मी सोडली नाही. लाल तेलरंगात सगळी वाडी उतरवली. चिरे वाहणाऱ्यांचं एकेक नाव, सारवणाऱ्या बायांचं एकेक नाव, 'महिला मंडळ' म्हणून गुंडाळलेलं कुणी नाही. सगळ्यात वर, हातभर लांब, ठमाबाई भिवा तांबे. लोक आपापलं नाव शोधायला येत आणि शेजाऱ्याचंही वाचून जात. तट कधी मोडले ते कुणाला कळलंही नाही.

पौर्णिमेला मुंबईहून भन्तेजी आले. त्यांनी पडवीत चपला काढल्या, भिंतीवरची नावं वरपासून खालपर्यंत वाचली आणि आत आले. वंदना झाली, पंचशील झालं. मग त्यांची नजर चित्रावर गेली आणि ते त्याच्यासमोर इतका वेळ उभे राहिले, की भागोजीच्या कपाळाला घाम सुटला. शेवटी त्यांनी मागं वळून हसत विचारलं, की चित्र फार छान आहे, पण यात भगवान बुद्ध कुठे आहेत?

सगळी वाडी एका सुरात म्हणाली, "आत हाईत."

भन्तेजी आधी दचकले आणि मग इतके मोठ्यानं हसले, की अंगावरचं चीवर सावरावं लागलं. मग ते पुन्हा चित्राकडं वळले, साकवावरच्या माणसापाशी वाकले आणि हा कोण निघालाय म्हणून विचारलं. त्याचं उत्तर मात्र एका सुरात आलं नाही. 'मी' म्हणणारे इतके निघाले, की दादांना हात वर करून सभा शांत करावी लागली. 'मी' म्हणणाऱ्यांत ते स्वतःही होते.

चित्र अजून तिथंच आहे. कौलातून एकदा पाणी गळलं आणि एका डोंगराला डाग पडला, तर आता तो डोंगर आमच्याच इथला वाटतो. कोरी जागा कोरीच आहे. माझा हात अजून शिवशिवतो, नाही असं नाही.

ठमाकाकी रोज संध्याकाळी दिवा लावायला विहारात येते. मी माझ्या ओट्यावर ब्रश धूत बसलेलो असतो, तिथून पडवी दिसते. ती चपला काढते, काठी टेकवते, मग वर हात करून आपल्या नावाला हात लावते. वाचता येत नसलं तरी कुठलं अक्षर कुठं आहे ते तिला पाठ झालंय. पोराला ओसरीवर बसवून बाजाराला निघालेली बाई बोलते, तशी ती त्या नावाशी बोलते.

"बस हितंच. मी आत जाऊन येते."

आणि आत जाते.